पैसे घरी भरले, तरी पावती खिडकीवर घ्या



बाजार समितीत माल नेला की आपण काय करतो? गोणी उतरवतो, वजन होताना काट्यापाशी उभे राहतो, काटापट्टी हातात घेतो आणि मगच चहाला जातो. आडत्या कितीही ओळखीचा असो, वडिलांच्या वेळेपासूनचा घरोबा असो, पट्टी घेतल्याशिवाय कोणी शहाणा शेतकरी गाळा सोडत नाही. पट्टी मागण्यात अविश्वास नसतो, ती व्यवहाराची रीत असते. माल माझ्या हातातून तुमच्या हातात गेला, अमुक वजनाचा गेला आणि अमुक दिवशी गेला, एवढीच तिची साक्ष.

हीच रीत आपण पोस्टाच्या दारात मात्र विसरू लागलो आहोत. म्हणून आजचा हा लेख.

तुम्ही म्हणाल, साहेब आज पीक-पाणी सोडून पोस्टाकडे कसे वळले? कारण साधे आहे. पीक काढण्यापर्यंतची गोष्ट आपण या सदरात पुष्कळ वेळा बोललो. पण हल्ली गावोगावच्या घरांतून हळद, गूळ, पापड, कुरडया, मेतकूट, कोकम, लोणची अशा जिनसा पार्सलाने थेट गिऱ्हाइकाच्या घरी जाऊ लागल्या आहेत. पुण्या-मुंबईच्या बाई फोनवर मागणी नोंदवतात, पैसे खात्यात येतात आणि आपण पार्सल पाठवतो. मधला दलाल गेला, चार पैसे घरात राहिले. हे चांगलेच झाले. परंतु पिकवण्याइतकेच पोचवणे हेही आता शेतकऱ्याचे काम झाले आहे, आणि पोचवण्यात नुकसान झाले तर तेही आपलेच.

ही कल्पना नवी आहे असे समजू नका. अमेरिकेत १ जानेवारी १९१३ रोजी सरकारी पार्सल टपाल सुरू झाले आणि तिथले शेतकरी अंडी, लोणी, भाजी थेट शहरातल्या घरांना पाठवू लागले. १९१४ मध्ये तर तिथल्या टपाल खात्याने माल विकू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यांच्या याद्या करून शहरातल्या गिऱ्हाइकांत वाटल्या. आपल्याकडचेच उदाहरण हवे असेल तर २०२० सालचे घ्या. टाळेबंदीच्या त्या उन्हाळ्यात बिहारच्या फलोत्पादन खात्याने टपाल खात्याशी हातमिळवणी केली आणि मुझफ्फरपूरची शाही लिची व भागलपूरचा जर्दाळू आंबा लोकांच्या दारी पोस्टाने पोचवला. पोस्ट हे शेतकऱ्याचे बाजाराकडे जाणारे दुसरे दार आहे. ते दार नीट कसे वापरायचे, एवढाच आज प्रश्न.

आता नव्या सोयीकडे येऊ. पूर्वी पार्सल घेऊन आपण खिडकीवर जात होतो. बाबू वजन करी, आकार सांगे, आपण पैसे देत होतो आणि तो पावती फाडून देई. आता हेच काम घरी बसून मोबाईलवर किंवा संगणकावर करता येते. नाव-पत्ता भरायचा, वजन भरायचे, पैसे तिथेच चुकते करायचे आणि पत्त्याची छापील चिठ्ठी, म्हणजे लेबल, काढून खोक्यावर चिकटवायचे. मग पार्सल पोस्टात नेऊन द्यायचे किंवा जिथे सोय असेल तिथे पोस्टमन घरून नेतो. आपल्या टपाल खात्याची नवी संगणक व्यवस्था ऑगस्ट २०२५ मध्ये देशभर लागू झाली आणि अशा घरबसल्या नोंदणीला जोर आला. तुमच्या डाकघरात यांपैकी कोणती सोय चालू आहे, हे मात्र पहिले पार्सल करण्याआधी एकदा जाऊन विचारून या. तालुक्याच्या पोस्टात जे चालते ते वाडीवरच्या शाखा डाकघरात चालेलच असे नाही.

सोय उत्तम आहे. खिडकीवर ताटकळणे कमी होते, पत्ता छापील असल्याने वाचण्यात घोटाळा होत नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. जुन्या पद्धतीत खिडकीवरचा बाबू आपल्यासाठी तीन कामे करत होता. तो वजन तपासत होता, पत्ता आणि पिनकोड नजरेखालून घालत होता, आणि पार्सल ताब्यात घेतल्याची पावती देत होता. पैसे घरी भरले की यातली पहिली दोन कामे आपल्या अंगावर येतात आणि तिसरे काम राहूनच जाते. कारण पैसे भरल्याचा संदेश मोबाईलवर आलेला असतो आणि आपल्याला वाटते, हीच पावती!

ती पावती नव्हे. ती फक्त पैसे भरल्याची खूण आहे. पार्सल पोस्टाच्या ताब्यात गेले असे त्यात कुठेही म्हटलेले नसते. बी-बियाण्याचे पैसे दुकानदाराला दिले म्हणजे पिशवी घरी आली असे होत नाही, तसेच हे.

आमच्या ओळखीच्या एका बचत गटाचे उदाहरण सांगतो. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी पापड-कुरडयांची अठरा पार्सले केली. रात्री बसून पैसे ऑनलाईन भरले, सकाळी सेवा केंद्रातून लेबले छापून घेतली आणि गटातल्या एका ताईंच्या मुलाने दोन पोती भरून पार्सले मोटारसायकलवरून पोस्टात नेली. सणाची गर्दी होती. ‘पैसे भरलेत, फक्त द्यायची आहेत,’ असे तो म्हणाला. ‘ठेव तिकडे कोपऱ्यात,’ असे उत्तर आले. त्याने ठेवली आणि तो कॉलेजला गेला.

सोळा पार्सले पोचली. दोन कुठे गेली ते आजतागायत कळले नाही. त्या दोन क्रमांकांपुढे मोबाईलवर शेवटपर्यंत एकच ओळ दिसत होती, नोंद झाली एवढीच. पोस्ट म्हणाले, आमच्या हाती सोळाच आली. मुलगा म्हणाला, मी अठरा ठेवली. दोघेही खरे बोलत असतील. पोत्यातून वाटेत पडली असतील, कोपऱ्यात दुसऱ्या मालाखाली गेली असतील, दुसऱ्याच कोणी उचलली असतील. सांगणार कोण? कागद कोणाकडेच नव्हता. गटाने दोन्ही गिऱ्हाइकांना बाराशे रुपयांप्रमाणे चोवीसशे रुपये परत केले. एका पार्सलात त्यांना साधारण एकशे तीस रुपये सुटत होते. हिशेब करून पाहा. अठरा पार्सलांची कमाई दोन पार्सलांत गेली. उन्हात पापड वाळवले त्या बायकांच्या हाती दिवाळीला काही राहिले नाही.

आणि हे सगळे टळले असते पाच मिनिटांत.

ताब्यात दिल्याची खूण कोणती?

प्रत्येक लेबलावर काळ्या उभ्या रेघांचा पट्टा असतो. त्याला बारकोड म्हणतात. त्याच्याखाली क्रमांक असतो. स्पीड पोस्टचा क्रमांक तेरा खुणांचा असतो, आधी दोन इंग्रजी अक्षरे, मग नऊ आकडे आणि शेवटी भारताची ‘आयएन’ ही दोन अक्षरे. पोस्टातला माणूस यंत्राने हा पट्टा वाचतो तेव्हा ते पार्सल पोस्टाच्या वहीत चढते. तोपर्यंत ते आपलेच आहे, मग ते पोस्टाच्या टेबलावर का असेना. म्हणून रीत अशी ठेवा.

पार्सल खिडकीवर द्या, कोपऱ्यात किंवा ओट्यावर ठेवून येऊ नका. आपल्यासमोर बारकोड वाचला जाऊ द्या. छापील पावती मागा. त्या पावतीवर क्रमांक, वजन, तारीख आणि कार्यालयाचे नाव असते. पावती घेऊन दाराबाहेर पडण्याआधी क्रमांक लेबलाशी ताडून पाहा. घरी आल्यावर संध्याकाळी एकदा मोबाईलवर क्रमांक घालून पाहा. पार्सल स्वीकारले किंवा पुढे रवाना केले असे दिसले की काम झाले. नुसते नोंद झाली एवढेच दिसत असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळीच पोस्टात जा. तीन आठवड्यांनी जाऊन उपयोग नाही. किडीचा प्रादुर्भाव जसा पहिल्या पानावर दिसताच हालचाल करायची, तसेच हे आहे.

पार्सले पुष्कळ असतील तर एक यादी करा. क्रमांक, नाव, गाव आणि वजन असे चार रकाने पुरेत. यादीच्या दोन प्रती न्या, एक पोस्टात द्या आणि दुसरीवर मिळाल्याची सही-शिक्का मागा. गर्दीच्या वेळी एखादे बाबू कंटाळा करतील. तेव्हा भांडू नका, ‘दादा, गटाचा हिशेब आहे, बायांना दाखवावा लागतो,’ असे म्हणा. बहुतेक ठिकाणी काम होते. आणि शक्य तर सकाळच्या पहिल्या तासात जा.

ही काळजी फक्त आपल्यालाच घ्यावी लागते असे नाही. इंग्लंडात रॉयल मेलची ‘क्लिक अँड ड्रॉप’ नावाची अशीच घरून पैसे भरण्याची सोय आहे. तिथे लोक पोस्टाच्या खिडकीवर पार्सल देताना टपालात टाकल्याचा दाखला मागून घेतात, आणि तो फुकट मिळतो. अमेरिकेत अनेक पार्सले एकदम देणाऱ्यांसाठी एकच बारकोड असलेला कागद काढण्याची सोय आहे. तो एक बारकोड वाचला की यादीतली सगळी पार्सले स्वीकारल्याची नोंद होते. म्हणजे पैसे भरणे आणि माल ताब्यात देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथेही मानले जाते.

वजन: इथे अंदाज चालत नाही

घरून पैसे भरताना वजन आपणच लिहायचे असते. पाच किलो हळदीची मागणी आली म्हणून पाच किलो लिहिले, असे करू नका. पिशव्या, खोका, आत भरलेला कागद, चिकटपट्टी हे सगळे धरून ते साडेपाच किलो भरेल. पार्सल पूर्ण बांधून झाल्यावर, लेबल चिकटवायच्या आधी, किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा आणि जो आकडा येईल तो लिहा. कमी वजन लिहिले तर पोस्टात फरकाचे पैसे मागतात किंवा पार्सल अडते. नाशिवंत माल अडला तर फरकाचे वीस-पंचवीस रुपये वाचवून हजाराचा माल गमावल्यासारखे होते.

दुसरी गोष्ट आकाराची. पापड, कुरडया, लाह्या असा माल हलका पण जागा खाणारा. पार्सलच्या धंद्यात अशा मालाचे आकारमानी वजन धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणायची आणि सर्वसाधारणपणे ५,००० ने भागायचे. जे येईल ते किलो. खरे वजन आणि हे वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे पडतात.

उदाहरण पाहा. तीन किलो पापड ४० सेंटीमीटर लांब, ३० रुंद आणि २५ उंच अशा खोक्यात भरले. गुणाकार ३०,००० आला, ५,००० ने भागले, ६ किलो. म्हणजे माल तीन किलोचा आणि भाडे सहा किलोचे! तेच पापड नीट रचून ३० लांब, २५ रुंद, २० उंच अशा खोक्यात बसवले तर गुणाकार १५,००० आणि वजन ३ किलो. खोका बदलला आणि निम्मे भाडे वाचण्याची सोय झाली. तेव्हा दुकानातून मिळेल तो रिकामा खोका उचलू नका. आपल्या मालाच्या मापाचे दोन-तीन प्रकारचे खोके गटाने एकत्र विकत घ्यावेत. बी पेरताना अंतर मोजतो, तसा खोका घेताना माप मोजा.

लेबल आणि पत्ता

लेबल म्हणजे पार्सलाची वाचा. ते पुसले की पार्सल मुके होते. शाईच्या छपाईचे लेबल पावसाच्या दोन थेंबांत ओघळते. सेवा केंद्रात लेसर छपाई करून मागा. लेबलावर पारदर्शक चिकटपट्टी लावायची तर ती सपाट लावा, बारकोडावर सुरकुती किंवा पट्टीचा जोड येऊ देऊ नका. चकाकीमुळे किंवा घडीमुळे यंत्राला रेघा वाचता येत नाहीत. लेबल खोक्याच्या कडेवर दुमडू नका, सर्वांत मोठ्या सपाट बाजूवर लावा. जुना खोका वापरत असाल तर त्यावरचे आधीचे लेबल पूर्ण खरवडून काढा. एका खोक्यावर दोन बारकोड असले तर पार्सल भलत्याच गावी जाऊ शकते.

एक लेबल एकाच पार्सलाचे. त्याची झेरॉक्स काढून दुसऱ्या पार्सलाला लावायची नाही. दोन्ही अडतील. आणि पाठवणाऱ्याचा म्हणजे आपला पत्ता व मोबाईल क्रमांक वेगळ्या चिठ्ठीवर लिहून खोक्याच्या आतही टाका. वरचे लेबल निघाले तरी आतल्या चिठ्ठीने माल घरी परत येतो.

पत्त्यात सर्वांत महत्त्वाचा पिनकोड. ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्या देशात सुरू झाली, आणि ती बसवणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ व संस्कृतचे पंडित होते, हे मुलांना जरूर सांगा. एकाच नावाची गावे, वेगवेगळ्या लिप्या आणि भाषा, यांतून पत्र नेमके कुठे जायचे हे आकड्यांनी ठरावे, हा त्यामागचा विचार. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र आणि गोव्याचे पिनकोड ४ ने सुरू होतात. आपल्याकडे पिंपळगाव किती आणि वडगाव किती! पिनकोडातला एक आकडा चुकला की पार्सल दुसऱ्या जिल्ह्यात फिरून येते. घरून पैसे भरताना ही चूक दाखवायला समोर कोणी नसते. म्हणून गिऱ्हाइकाकडून पत्ता तोंडी घेऊ नका, लिहून मागवा, आणि लेबल छापण्याआधी घरातल्या दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला लावा.

जुन्या सवयीची आणखी एक गोष्ट. ‘रजिस्टर करून पाठवा’ असे आपण अजून म्हणतो. परंतु १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टात मिळवली गेली. ज्याचे नाव त्याच्याच किंवा त्याने नेमलेल्याच माणसाच्या हाती पार्सल पडावे असे वाटत असेल तर स्पीड पोस्ट करताना नोंदणीची जादा सोय मागता येते. १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या दरपत्रकात त्यासाठी नगाला ५ रुपये आणि वर कर असा आकार ठेवला गेला. गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर आलेला अंक सांगितल्यावरच पार्सल हाती देण्याची सोयही तेवढ्याच आकारात ठेवली गेली. दर बदलत असतात, तेव्हा चालू दर पैसे भरण्याआधी पाहून घ्या. महागाचा माल असेल तर विमाही उतरवा. विमा नसेल तर हरवलेल्या पार्सलाची भरपाई मर्यादितच मिळते.

बांधणी आणि वार

हळद पावडर, मेतकूट, मसाला यांसाठी जाड प्लॅस्टिकची पिशवी उष्णतेने बंद करा आणि ती दुसऱ्या पिशवीत घाला. एक पिशवी फुटली तरी बाकीच्यांची पार्सले पिवळी होत नाहीत. लोणचे, तूप, तेल यांची बरणी काचेची नको. झाकणाखाली पातळ प्लॅस्टिक धरून झाकण घट्ट करा, बरणी पिशवीत बांधा आणि भोवती भुसा नको, कागदाचे बोळे भरा. गुळाच्या ढेपेला आधी प्लॅस्टिक, मग जाड कागद. खोका बांधून झाल्यावर हलवून पाहा. आत काही वाजले तर बांधणी कच्ची आहे. कमरेइतक्या उंचीवरून पडले तरी टिकेल एवढी ती पक्की हवी.

आंबा, पेरू, सीताफळ असा ताजा माल पाठवायचा तर जरा कच्चा असतानाच काढा, खोक्याला हवेची भोके ठेवा, आणि पहिली एक-दोन पार्सले जवळच्या गावी पाठवून अनुभव घ्या. दूरच्या ठिकाणी ताजी फळे पाठवण्याच्या फंदात एकदम पडू नका.

वारही पाहा. शनिवारी दुपारी दिलेले पार्सल रविवारी बसून राहते. सोमवार ते बुधवार हे दिवस चांगले. शिवाय दर कार्यालयाची टपालाची थैली बंद होण्याची एक वेळ असते. ती वेळ टळली की पार्सल दुसऱ्या दिवशीच्या थैलीत जाते. शाखा डाकघर दिवसातून काही तासच उघडे असते. तुमच्या डाकसेवकाला ही वेळ विचारा आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

परदेशी पार्सल

मुलगा दुबईला, पुतणी जर्मनीला, असे आता खेड्यातल्या घरांतही आहे. फराळ पाठवायचा असतो, आणि काही गट तर परदेशी गिऱ्हाइकांना मसाले विकतात. व्यापारासाठी पाठवणाऱ्यांकरिता टपाल खात्याने २०२२ पासून ‘डाकघर निर्यात केंद्रे’ उघडली आहेत. तिथेही हीच पद्धत आहे. आपण संकेतस्थळावर खाते उघडायचे, मालाची माहिती आणि निर्यातीचा टपाल-दस्तऐवज तिथेच भरायचा, पैसे भरायचे, लेबल छापायचे आणि पार्सल केंद्रावर नेऊन द्यायचे. पूर्वी या कागदांसाठी मोठ्या शहरातल्या परदेशी टपाल कार्यालयापर्यंत धावावे लागे, ती धावपळ वाचली. विक्रीसाठी पाठवायचे तर आयात-निर्यात क्रमांक काढावा लागतो, हे विसरू नका.

इथे माल आत काय आहे हे खरे आणि तपशीलवार लिहा. नुसते ‘खाऊ’ किंवा ‘भेट’ लिहून भागत नाही. ‘हळद पावडर, ५०० ग्रॅम, २ पिशव्या, किंमत अमुक’ असे लिहा. युरोपीय संघाच्या देशांत आणि ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे पदार्थ टपालाने आत येऊ देत नाहीत. पेढे, खव्याची मिठाई पाठवली तर ती सीमेवर नष्ट होऊ शकते. चकली, चिवडा, कोरडे पदार्थ बरे, पण त्या देशाचा नियम आधी पाहावा. आणि नियम रातोरात बदलतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने जकातीचे नियम बदलले तेव्हा आपल्या टपाल खात्याला तिकडची पार्सले थांबवावी लागली, आणि १५ ऑक्टोबर २०२५ पासून ती नव्या पद्धतीने पुन्हा सुरू झाली. दिवाळी त्या वर्षी त्यानंतर लगेचच होती. ज्यांनी आधी चौकशी केली त्यांचा माल घरी राहिला, पण वाया गेला नाही.

हरवलेच तर

सगळे करूनही एखादे पार्सल हरवते. तेव्हा डोक्यात राख घालून घेऊ नका. पावती, लेबलाची प्रत, बांधलेल्या पार्सलाचा मोबाईलवर काढलेला फोटो आणि गिऱ्हाइकाशी झालेला व्यवहार एवढे चार पुरावे घेऊन पोस्टात लेखी तक्रार द्या आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. तक्रार वेळेत करायची असते, उशीर झाला तर ऐकून घेतली जात नाही. गिऱ्हाइकालाही पहिल्याच दिवशी खरे सांगा. पावतीचा फोटो पाठवला की बहुतेक माणसे समजून घेतात. त्यांना राग उशिराचा नसतो, लपवाछपवीचा असतो.

या कामाला घरात एक जुनी वही करा. तारीख, गिऱ्हाइकाचे नाव, पार्सलाचा क्रमांक, भाडे, पोस्टात दिल्याची तारीख आणि पोचल्याची तारीख एवढे रकाने पुरे. शेवटचा रकाना रिकामा दिसेल त्या ओळीवर लाल खूण करा. शाळेत जाणाऱ्या मुलीला हे काम द्या, ती आपल्यापेक्षा चोख करेल. हंगाम संपल्यावर ही वही उघडून पाहिली, की कुठल्या मालाला भाडे परवडते आणि कुठल्याला नाही, हे आपोआप कळेल. पुढच्या वर्षी किती पापड लाटायचे आणि किती हळद दळायची, हे त्या वहीवरून ठरवता येईल.

शहरातल्या माणसाचे एखादे पार्सल हरवले तर तो चिडतो आणि दुसरे मागवतो. आपले हरवले तर कोणाच्या तरी चुलीपुढच्या आठ दिवसांची मजुरी जाते. म्हणून पुन्हा सांगतो: काट्यावर वजन, मोठ्याने वाचलेला पत्ता, सपाट लेबल आणि डोळ्यांदेखत वाचलेला बारकोड. या चारांची पावती झाली की मग खुशाल चहाला जा.

पुढच्या आठवड्यात हळदीच्या बेण्याची निवड आणि साठवण यांविषयी बोलू.